वय नव्हे, वर्षे मोजा

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात, ऱ्हाईनच्या सपाट खोऱ्यात वाल्डॉर्फ हे छोटे शहर आहे. मराठी माणसाला ते माहीत आहे ते एसएपी कंपनीच्या मुख्यालयामुळे. टेनिसच्या प्रशिक्षकाने मात्र नकाशात त्याच्या उत्तरेकडे पाहावे. काही किलोमीटरवर लायमेन आहे, बोरिस बेकरचे गाव, आणि थोडे पुढे ब्रूल, जिथे स्टेफी ग्राफ वाढली. लायमेनमधल्या बाडेन प्रांताच्या प्रशिक्षण केंद्रात बोरिस ब्रेस्कवार यांच्या हाताखाली ही दोन्ही मुले घडली. प्रांत एक, केंद्र एक, काळही जवळजवळ एकच. तरीही जगभरच्या पालकांनी आणि आपल्यासारख्या प्रशिक्षकांनी या परिसराकडून उचलला तो एकच धडा: ७ जुलै १९८५ रोजी बेकरने सतराव्या वर्षी विम्बल्डन जिंकले, तेव्हा ज्याला काही व्हायचे असेल त्याने अठराच्या आत व्हावे. हा धडा चुकीचा आहे आणि आजही तो मुलांचे नुकसान करतो आहे. तरुण व्यावसायिक खेळाडूची प्रगती त्याच्या वयाशी ताडून पाहणे सोडून, व्यावसायिक झाल्यापासून किती वर्षे गेली आणि त्या वर्षांत तो कोणाशी, कसा खेळला, यावर मोजली पाहिजे.

पुरावा त्याच परिसरात आहे. ग्राफ ऑक्टोबर १९८२ मध्ये, तेराव्या वर्षी व्यावसायिक झाली आणि पहिल्याच सामन्यात ट्रेसी ऑस्टिनने तिला ६-४, ६-० असे हरवले. पुढची साडेतीन वर्षे तिला टूरवरचे एकही विजेतेपद मिळाले नाही. आजच्या आपल्या ॲकॅडमीत अशा मुलीबद्दल काय बोलले गेले असते, याचा प्रत्येकाने प्रामाणिकपणे विचार करावा. पण त्या कोऱ्या वर्षांतली तिची क्रमवारी पाहा: सुरुवातीला १२४, १९८३ अखेर ९८, १९८४ मध्ये २२, १९८५ मध्ये ६. आणि हे सारे मोजक्या स्पर्धा खेळून. १९८५ च्या अमेरिकन ओपनपर्यंत तिच्याहून वर्षभराने लहान असलेली गॅब्रिएला सबातिनी २१ स्पर्धा खेळली होती, ग्राफ फक्त १०. एप्रिल १९८६ मध्ये हिल्टन हेडला ख्रिस एव्हर्टला हरवून तिने पहिली स्पर्धा जिंकली. दीड वर्षाच्या आत ती जगात पहिली आली आणि १९८८ साली चारही ग्रँड स्लॅमसह ऑलिंपिकचे सुवर्णपदक तिच्याकडे होते. कोवळ्या वयात सुरुवात झाली हे खरे, पण ती टिकली ती आखून दिलेल्या संथ वेगामुळे. तिच्या मागोमाग आलेल्या जेनिफर काप्रियातीला हा वेग लाभला नाही. मार्च १९९० मध्ये चौदा वर्षे पूर्ण होण्याआधी ती मैदानात उतरली, १९९२ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकले आणि १९९३ च्या अमेरिकन ओपननंतर खेळापासून दूर गेली. ती परतली आणि २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनही जिंकली, पण मधली वर्षे तिला कोणी परत दिली नाहीत. यानंतर महिला टेनिस संघटनेने १९९५ पासून वयानुसार स्पर्धांवर मर्यादा घातली. अठरा पूर्ण होईपर्यंत ती दरवर्षी थोडी थोडी सैल होत जाते. दहा वर्षांनी झालेल्या आढाव्यात एकविसाव्या वर्षापर्यंत खेळ सोडून देणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे सात टक्क्यांवरून एक टक्क्याच्याही खाली आल्याचे दिसले. वेग कमी केल्याने कारकीर्द आटते, ही भीती निराधार ठरली.

खेळही बदलला आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या पाहणीनुसार क्रमवारीतला पहिला गुण मिळाल्यापासून पहिल्या शंभरात पोहोचायला पुरुषांना २००० साली सरासरी ३.७ वर्षे लागत, २०१३ मध्ये ४.८, महिलांना ३.४ ऐवजी ४.१. आणि ही सरासरी फक्त पोहोचलेल्यांची आहे, हे विसरू नये. अँजेलिक केर्बर २००३ मध्ये व्यावसायिक झाली, टूरवरचे पहिले विजेतेपद तिला २०१२ मध्ये मिळाले, आणि २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियन व अमेरिकन ओपन जिंकून ती अठ्ठाविसाव्या वर्षी अव्वल झाली. अठराव्या वर्षाचा निकष लावला असता तर जर्मनीने ही खेळाडू गमावली असती. आपल्याकडे पुण्याचा अर्जुन कढे अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातून खेळला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अल्माटीत रित्विक बोल्लिपल्लीसोबत एटीपी दुहेरीचे पहिले विजेतेपद जिंकले तेव्हा तो तीस वर्षांचा होता. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकून आली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्ण घेऊन आली. या दोघांच्या शिक्षणाच्या वर्षांना कोणी वाया गेलेली वर्षे म्हणू नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मग अल्काराझचे काय, सिनरचे काय? लवकर चमकणारे असे खेळाडू आहेत आणि पुढेही येतील. पण सिनरचेच उदाहरण नीट पाहिले तर ते आपल्याच बाजूने बोलते. कुमार गटात त्याची सर्वोत्तम क्रमवारी १३३ होती. कुमारांचे चषक जमवण्यात त्याने वेळ घातलाच नाही, मोठ्यांशी खेळला आणि हरत हरत शिकला. त्याच्या प्रशिक्षकाने चौदाव्या-सोळाव्या वर्षीच्या चषकांवरून त्याला जोखले असते तर? पुण्याचा मानस धामणे पंधराव्या वर्षी, जानेवारी २०२३ मध्ये, बालेवाडीत टाटा ओपनच्या मुख्य ड्रॉमध्ये उतरला आणि पहिल्याच फेरीत हरला. त्या एका पराभवातून किंवा वयाच्या कौतुकातून त्याच्याबद्दल काहीच ठरत नाही. पुढची पाच-सहा वर्षे त्याच्यावरची अपेक्षेची नजर आपण हलकी ठेवली, तर ती त्याला खरी मदत होईल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो पालकांचा आहे: थांबायला पैसा कुठून आणायचा? महासंघाच्याच पाहणीत २०१३ साली व्यावसायिक स्पर्धांत उतरलेल्या सुमारे १४,००० खेळाडूंपैकी जवळजवळ निम्म्यांना एक पैसाही बक्षीस मिळाले नव्हते. प्रशिक्षकाचा खर्च न धरताही जेमतेम ३३६ पुरुष आणि २५३ महिलांची तोंडमिळवणी होत होती. जर्मनीत पाइने येथे सराव करणाऱ्या सुमित नागलने सप्टेंबर २०२३ मध्ये खात्यात ९०० युरो उरल्याचे सांगितले. पाच महिन्यांनी, सव्वीस वर्षांचा असताना, तो पहिल्या शंभरात आला. भारताचा एकेरीतला तेव्हाचा अव्वल पुरुष खेळाडू केवळ पैशाअभावी त्या पाच महिन्यांआधी थांबला असता, हे मनाला बोचले पाहिजे. एटीपीने २०२४ पासून पहिल्या अडीचशे खेळाडूंना किमान उत्पन्नाची हमी दिली, हे चांगलेच झाले. पण आपली मुले तिथवर पोहोचण्याआधीच दमतात. म्हणून पैशाची अडचण हे घाई करण्याचे कारण ठरत नाही. खर्च पाच-सात वर्षांवर पसरून आखण्याचे ते कारण आहे. अठराव्या वर्षापर्यंत सारी जमीन विकून मोकळे झालेले कुटुंब तेविसाव्या वर्षी हात टेकते, आणि नेमकी तेव्हाच मुलाला साथ हवी असते. विद्यापीठाची शिष्यवृत्ती, जर्मनीतल्या क्लब लीगचे मानधन, देशातल्याच खालच्या स्तराच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा, दुहेरीकडे वेळेवर दिलेले लक्ष: या साऱ्याची सांगड घालून वर्षे विकत घेता येतात.

आणि मोजायचे काय? वाल्डॉर्फच्याच एसएपीने महिला टेनिस संघटनेसाठी आकडेवारीची यंत्रणा उभी केली आणि २०१५ पासून कोर्टवर येणाऱ्या प्रशिक्षकांच्या हाती टॅब्लेट दिला. आपल्याला तेवढ्या यंत्रणेची गरज नाही, साधी वही पुरते. आपल्यापेक्षा शंभर क्रमांकांनी वरच्या खेळाडूशी वर्षात किती सामने झाले, त्यांत दुसऱ्या सर्व्हिसवर किती गुण जिंकले, निर्णायक सेट किती खेळले, दुखापतीत किती आठवडे गेले. हे चार आकडे तीन वर्षे सलग लिहिले तर मुलगा पुढे जातो आहे की नुसताच फिरतो आहे, हे स्पष्ट होते. काही मुलांच्या बाबतीत उत्तर नकारार्थी येईल, आणि तेही त्यांना वेळेवर सांगणे हे आपलेच काम आहे. धीर म्हणजे आशा दाखवत राहणे नव्हे.

प्रशिक्षक मित्रांनो, या हंगामाच्या शेवटी आपल्याकडच्या प्रत्येक सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूच्या पालकांना बोलवा, त्यांच्यासमोर पुढच्या पाच वर्षांचा आराखडा खर्चासह आणि शिक्षणासह ठेवा, आणि अठराव्या वाढदिवसापर्यंत अमुक क्रमांक गाठून देण्याचे वचन कोणालाही देऊ नका.