साक्षीदाराला गावातच राहायचे असते



एखादा भीषण गुन्हा घडला की मोर्चे निघतात, फास्ट ट्रॅक कोर्टाची आणि फाशीची मागणी होते. साक्षीदाराची विचारपूस मात्र कुणी करत नाही. नोव्हेंबर 2017मध्ये आपल्या अहिल्यानगर जिल्हा न्यायालयाने आठवडाभरात दोन निकाल दिले. कोपर्डीतील अल्पवयीन मुलीवरील बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात तिघांना फाशी सुनावली गेली. खर्डा येथील 17 वर्षांच्या दलित विद्यार्थ्याच्या खुनात (एप्रिल 2014) आरोपी निर्दोष सुटले. बरेच साक्षीदार फितूर झाले होते. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातले साक्षीदारांच्या हक्कांचे कलम 15-अ जानेवारी 2016पासूनच लागू होते. कायदा होता, आधार नव्हता.

संयुक्त राष्ट्रांच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कराराला भारताने 2011मध्ये मान्यता दिली. त्यात साक्षीदाराला दुसरीकडे हलवणे, त्याचा ठावठिकाणा गुप्त ठेवणे असे उपाय आहेत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018मध्ये मंजूर केलेली आपली साक्षीदार संरक्षण योजनाही बरीचशी त्याच वळणाची. टोळीविरुद्ध बोलणाऱ्याला ते ठीक. पण जामखेड-पाथर्डीकडच्या गावात साक्षीदार कोण, हे पोराटोरांनाही ठाऊक असते. तिथे पिस्तूल लागतच नाही. डेअरीवर दुधाला फॅट कमी लागते, चारीचे पाणी त्याच्या रानाआधीच तुटते, ऊसतोडीचा मुकादम उचल देताना हात आखडतो. दारात शिपाई बसवून यातले काय थांबणार? त्यात संरक्षणाचा आदेश एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचा. खर्ड्याच्या निकालाला साडेतीन वर्षे लागली.

संयुक्त राष्ट्रांच्याच अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने 2008च्या मार्गदर्शिकेत साक्षीदाराला मदत करणे आणि त्याला लपवणे या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या आहेत. आपल्याला खरी गरज पहिलीची आहे. आपल्या योजनेच्या ‘क’ श्रेणीत छळ आणि धाकदपटशा येतोच. धोक्याचा अहवाल लिहिणाऱ्या उपअधीक्षकांनी पाणी तोडणे आणि उचल नाकारणे हाही छळच धरावा. साक्षीदाराचा जबाब लगेच दंडाधिकाऱ्यांसमोर व्हावा. साक्षीला आलेल्या मजुराचा बुडालेला रोज आणि एसटीचे भाडे त्याच दिवशी हातात पडावे. हेलपाट्यांना कंटाळूनही माणूस फिरतो, याकडे आपण फारसे बघत नाही.

आणि जिल्ह्यात संरक्षणासाठी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती खटल्यांत साक्षीदार तरीही उलटले, हे आकडे नावे गाळून दरवर्षी जाहीर करावेत. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीला एवढे अवघड नसावे.

– एक वाचक, जामखेड (जि. अहिल्यानगर)