जाहीर आवाहन : आगीच्या प्रशिक्षणाला कोणाला पाठवाल?



गेल्या पावसाळ्यात आपल्याच औद्योगिक वसाहतीत एका पेंटिंगच्या गाळ्यात थिनरच्या डब्याने पेट घेतला. भिंतीवर आग विझवायचे बाटले होते, ऑफिसात प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले होते. पण ज्याच्या नावाचे प्रमाणपत्र, तो गावी लग्नाला गेलेला. हजर असलेल्या पोराने बादलीभर पाणी मारले आणि जळते थिनर पाण्यावर तरंगत फरशीभर पसरले. शेजारचा वेल्डर पावडरचा बाटला घेऊन धावला म्हणून निभावले. नंतर मी पाच-सहा गाळ्यांत विचारत फिरलो, ‘तुमच्याकडे आगीचं कोण बघतं?’ एकच उत्तर मिळाले : ‘एजन्सी बघते की!’

एजन्सी बाटले बघते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी द्यावा लागतो. यंत्रणा चालू स्थितीत आहे, एवढेच तो सांगतो. ती चालवणार कोण, हे त्यात येत नाही. कामगारांना बाहेर पडायच्या वाटा ठाऊक हव्यात आणि आगीच्या वेळी काय करायचे ते शिकवलेले हवे, हे तर 1948 च्या कारखाने अधिनियमातच, कलम 38 मध्ये लिहिलेले होते.

म्हणून विनंती, प्रशिक्षणाचे पैसे भरण्याआधी माणूस नीट निवडा. आपल्याकडे बहुधा ऑफिसातला रिकामा सापडेल तो पाठवला जातो, नाहीतर मालकाचा पुतण्या. पाठवायला हवा तो शॉपफ्लोअरवरचा, ज्याने ‘मशीन बंद करा’ म्हटले की बाकीचे ऐकतात असा. तोही एकटा नको. जितक्या शिफ्ट तितकी माणसे, आणि सुट्टी धरून वर एक. रात्रपाळीला ठेकेदाराचीच माणसे असतील तर त्यांच्यातला एक घ्यायलाच हवा. आग लागली तर बाटल्याजवळ तोच असणार.

आता प्रशिक्षण कोणते. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचे नाव मोठे आहे, पण तिथले लांब पल्ल्याचे अभ्यासक्रम अग्निशमनाचा पेशा पत्करणाऱ्यांसाठी. आठ कामगारांच्या गाळ्याला त्याची गरज नाही. दुसऱ्या टोकाला एसी हॉलमध्ये दोन तास स्लाइड, चहा-समोसा आणि संध्याकाळी प्रमाणपत्र. त्यालाही हात जोडा. प्रशिक्षक आधी तुमच्या गाळ्यात येऊन फिरणार आहे का, हे विचारा. थिनर कुठे ठेवता, वेल्डिंग कुठे चालते, मेन स्विच कुठे आहे, हे न बघता शिकवणारा कापड कारखान्यात आणि केमिकलवाल्याकडे एकच भाषण करून जाईल. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीचा स्फोट झाला तेव्हा एकाच बोटीत कापसाच्या गाठीही होत्या आणि स्फोटकेही. कशाशेजारी काय ठेवले आहे, हा प्रशिक्षणातला पहिला धडा असायला हवा. त्या दिवशी गेलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थच 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

दुसरे विचारा : प्रत्येकाच्या हातात बाटला देणार का? सहा किलोचा पावडरचा बाटला जेमतेम पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. पिन ओढून, ज्वाळांवर नव्हे तर आगीच्या बुडाशी नेम धरून, दांडा दाबून नळी आडवी फिरवायची, हे स्लाइड बघून येत नाही. विजेच्या पॅनेलला आग लागली तर सीओटूचा बाटला. पण तो मारताना भोंगा धरू नये, हात गारठून भाजतो, आणि कोंदट खोलीत मारून तिथेच थांबू नये. कुठली आग अंगावर घ्यायची नाही, हेही शिकवणाऱ्याने सांगितले पाहिजे. एका बाटल्यात विझत नसेल तर माणसे बाहेर काढायची, 101 किंवा 112 ला फोन करायचा आणि बाहेर डोकी मोजायची.

डोकी मोजणे आपल्याकडे कोणी शिकत नाही. मुंबईत कमला मिल आवारात 29 डिसेंबर 2017 च्या आगीत 14 जण गेले. त्यांतले बरेच जण स्वच्छतागृहात सापडले. धुरात माणूस दिसेल त्या दारात शिरतो; बाहेर डोकी मोजली तरच तो आत राहिल्याचे कळते. पुण्याजवळच्या उरवडे गावातल्या रासायनिक कारखान्यात 7 जून 2021 च्या आगीत 17 कामगार गेले, त्यांत बहुतेक बायका होत्या. आपल्या पॅकिंग विभागातही बायकाच आहेत आणि मागच्या शटरसमोर पुठ्ठ्याचे ढीग. प्रशिक्षण घेऊन आलेल्या माणसाला ते ढीग हलवायचा अधिकार मालकाने द्यावा, नाहीतर पाठवूच नये.

येत्या 14 एप्रिलला सकाळी नऊ वाजता वसाहतीच्या मैदानात असोसिएशनतर्फे सराव ठेवला आहे. प्रत्येक गाळ्याने शिफ्टप्रमाणे नावे मार्चअखेर असोसिएशनच्या ऑफिसात द्यावीत. रिफिलिंगला आलेले बाटले त्या दिवशी सोबत आणा. मारून बघायला तेच वापरू.