दिवाळीची तहकुबी

दिवाळी आपण साजरी करतो हे खरे, परंतु ती आपल्याकडून वसूलही केली जाते, हेही तितकेच खरे आहे. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतच्या दिवसांत प्रत्येक मध्यमवर्गीय मराठी घराच्या नावावर नाना देणी मांडलेली असतात: घराची झाडलोट, शंकरपाळ्यांपासून अनारशांपर्यंतचा फराळ, लक्ष्मीपूजनाची सिद्धता, पाडव्याची व भाऊबीजेची ओवाळणी, आणि या सर्वांवर कडी म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांची सरबराई, ही देणी चुकवण्याची मुभा सहसा कोणासही नसते. जमीनमहसुलाच्या जुन्या व्यवहारात मात्र एक शहाणपणाची तरतूद होती. सोळा आण्यांपैकी पीक किती आणे आले याचा अंदाज बांधला जाई, आणि ते फारच थोडे आले असेल तर त्या गावाचा सारा त्या सालापुरता तहकूब होई. सरकारचा हक्क बुडत नसे, फक्त तगादा थांबे. ज्या घरात अडीच वर्षांचे एक मूल धावते आहे आणि महिन्याभराचे दुसरे पाळण्यात आहे, त्या घराला दिवाळीची अशीच तहकुबी आपण सर्वांनी, म्हणजे आप्तेष्टांनी, शेजाऱ्यांनी आणि कचेरीतील वरिष्ठांनीही, बिनतक्रार द्यावी, असे माझे म्हणणे आहे.

ही काही माझ्या पदरची कल्पना नव्हे. मूल जन्मल्यापासून दहा दिवस सोयर पाळण्याची वहिवाट आपल्याकडे होती, आणि त्या अवधीत देवपूजासुद्धा घरच्यांनी न करता परस्थाकडून करवून घ्यावी, असा दंडक होता. ज्या काळी देवाची सेवा चुकणे हा मोठा दोष मानला जाई, त्या काळी खुद्द देवानेच नवजाताच्या घराला मोकळीक दिली होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पाचवी-सहावीचे पूजन, बाराव्या दिवशी बारसे, आणि सव्वा महिना बाळंतिणीने उंबरठ्याबाहेर न पडणे, या क्रमात रजेचे नियमच धर्माच्या भाषेत लिहिले गेले होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. अर्थात त्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच हेतू नाही. काळोखी खोली, बाजेखालच्या शेगडीचा कोंदटलेला धूर, विटाळाच्या नावाखाली स्पर्शाची बंदी, आणि अस्वच्छ हातांनी व हत्यारांनी झालेल्या प्रसूतीपायी धनुर्वाताला नि सूतिकाज्वराला बळी पडलेली मुले व माता, हा सारा तिचाच संसार होता. ती गेली हे उत्तम झाले. खेद वाटतो तो एवढ्याचाच की विटाळ टाकून देताना त्याच्या आडोशाला असलेली विश्रांतीही आपण टाकून दिली, आणि प्रसूतिगृहातून दोन-तीन दिवसांत घरी आलेल्या स्त्रीने आठवडा उलटण्याच्या आत बैठकीत येऊन बसावे, हसावे, आणि बाळाचे तोंड कोणासारखे आहे या वादात न्यायनिवाडा करावा, अशी अपेक्षा धरू लागलो.

त्यातही पहिल्या बाळंतपणाची गोष्ट वेगळी असते. ते बहुधा माहेरी होते, तिथे आई असते, डिंकाचे लाडू वळले जातात, शेक-मालिशीला बाई लावलेली असते. दुसऱ्या खेपेस मोठ्या मुलाचे खेळघर, नवऱ्याची नोकरी, माहेरच्या आईचे वाढलेले वय अशा नाना कारणांनी सगळा बाडबिस्तारा राहत्या दोन खोल्यांतच थाटावा लागतो, आणि पहिल्या वेळी जे कौतुक झाले त्याची निम्मी पुनरावृत्तीही होत नाही, कारण ‘आता तिला सवय आहे’ असे सर्वांनी परस्पर ठरवून टाकलेले असते. सवय कशाची? रात्री दर दोन तासांनी एकास पाजावयाचे आणि ते झोपते न झोपते तोच दुसऱ्याने पाणी मागत उठावयाचे, या प्रकाराची सवय मनुष्यास होत असल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

या सणाचा प्रारंभ आपण सवत्स धेनूच्या पूजेने करतो. वसुबारसेच्या दिवशी अनेक घरांत गाईचे दूध, दही, तूप वर्ज्य असते. त्या एका दिवसापुरते का होईना, दुधावर पहिला अधिकार वासराचा आहे आणि गाईला तिच्या वासरासह निवांत राहू द्यावे, हे आपण संध्याकाळी ओवाळून मान्य करतो. त्याच घरातील लेकुरवाळीला मात्र दुसऱ्याच दिवशी, मूल अंगावर पीत असताना, ‘जरा बाहेर येऊन जा, काका निघाले आहेत’ अशी हाक जाते. गाईला जी सवलत, तीच सुनेला देण्यात कोणत्या शास्त्राचा भंग होतो, हे जाणत्यांनी सांगावे.

पाहुण्यांविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण या बाबतीत संकोचाने नुकसान होते. डांग्या खोकल्यावरील लसीचा पहिला डोस आपल्याकडे बाळ सहा आठवड्यांचे झाल्यावर दिला जातो. तोवर त्या रोगापासून त्याचा बचाव मुख्यतः भेटीस येणाऱ्यांच्या विवेकावर अवलंबून असतो. ऋतुपालटाचे दिवस, घरोघर सर्दी-पडसे, आणि अशात हात न धुता बाळाला उचलून घेणारा, त्याच्या गालाचा मुका घेणारा प्रेमळ आप्त हा त्या बाळाच्या दृष्टीने प्रेमळ ठरतोच असे नाही. बोटाने मध चाटवण्याची हौसही अशीच आहे: वर्षाच्या आतील मुलाला मध देऊ नये, त्यातून क्वचित का होईना पण जीवघेणी विषबाधा होऊ शकते, हे आज वैद्यकशास्त्र निःसंदिग्धपणे सांगते, आणि ‘आम्ही नाही का वाढलो’ हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही, जे वाढले नाहीत ते हे वाक्य बोलावयास उरत नाहीत. ‘पहिली दिवाळी’ म्हणून त्या जीवाला फुलांच्या टोपलीत किंवा मोठ्या पणतीच्या आकारात निजवून, डोक्याला फेटा बांधून छायाचित्रे काढण्याचा जो नवा उद्योग निघाला आहे, त्याविषयी लिहिण्याइतकी माझी लेखणी सौम्य नाही.

फटाक्यांविषयी कायदा आहे. तो पाळला जात नाही, एवढाच त्याचा दोष. फुटण्याच्या जागेपासून चार मीटरांवर १२५ डेसिबलांहून अधिक आवाज करणारे फटाके निषिद्ध आहेत, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात आवाजाचे फटाके वाजवू नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००५ सालचा आदेश आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे पाच वाजता चौकात जी पहिली माळ लागते ती या आदेशान्वये सरळसरळ बेकायदा ठरते, हे माळ लावणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. आणि ज्यांना ठाऊक असते ते तिला परंपरा म्हणतात. अभ्यंगस्नान पहाटे करावे, उटणे लावावे, कारीट पायाखाली फोडावे, यांपैकी कशासही बारूद लागत नाही.

परंतु ज्याच्यासाठी मुख्यतः हा लेख लिहावासा वाटला तो पाळण्यातील नव्हे, पाळण्याबाहेरील नागरिक होय. तान्ह्याला दिवाळी कळत नाही. ऊब, दूध आणि झोप मिळाली की त्याचे सर्व सण साजरे होतात. अडीच वर्षांच्या मुलाला मात्र दिवाळी कळू लागलेली असते, आणि नेमक्या त्याच वर्षी त्याचे राज्य खालसा झालेले असते. कालपर्यंत ज्या मांडीवर त्याची निर्वेध वहिवाट होती तिथे एक परका, अखंड रडणारा आणि कोणत्याही उपयोगाचा नसलेला इसम येऊन बसला आहे. आल्यागेल्याच्या तोंडी त्याचेच नाव, पिशवीतून निघणारी झबली-टोपडी त्याचीच. अशा वेळी भेटीस येणारी वडीलधारी मंडळी विनोद म्हणून जे बोलतात ते ऐकून अंगावर काटा येतो. ‘आता तुझे लाड संपले हं!’ ‘बाळ आम्हाला देऊन टाकतोस का?’ ‘आईला आता तू नकोस.’ बोलणारा हसतो, भोवतालचे हसतात, आणि ते मूल त्या वाक्याचा शब्दशः अर्थ घेऊन रात्री अंथरूण ओले करते. सुटलेली बाटली पुन्हा मागणे, स्वच्छ बोलत असताना एकाएकी बोबडे बोलणे, बाळाच्या पाळण्याला मुद्दाम जोराचा झोका देणे, हा हूडपणा नसून त्याने वरिष्ठांकडे दाखल केलेला अर्ज असतो. त्यावर ‘मोठा झालास ना तू?’ असा शेरा मारून तो निकालात काढण्याची आपली रीत आहे.

या मुलाला समजूत घालण्याहून काम देणे अधिक हितावह, असे मी म्हणेन. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला जे बालशिक्षणाचे कार्य आरंभले, त्याच्या मुळाशी मुलाच्या स्वतःच्या हाताने केलेल्या खऱ्या कामाविषयीचा आदर होता. तो आदर घरात आणण्यास दिवाळीइतकी अनुकूल वेळ नाही. अंगणात, किंवा अंगण नसेल तर गॅलरीच्या कोपऱ्यात, पसाभर मातीचा किल्ला करावा. तो रायगडासारखा दिसण्याची काहीएक गरज नाही. माती कालवणे, दगड आणून देणे, मावळ्यांची चित्रे मांडणे आणि ती पुन्हा पुन्हा पाडणे हे त्या वयाला पुरेसे स्वराज्य आहे. किल्ल्यावर हिरवळ उगवावी म्हणून आपण अळीव पेरतो. तेच अळीव त्या दिवसांत आईसाठी खिरीत व लाडवांत घातले जातात, आणि मूठभर अळीव मातीत टाकून उरलेले स्वयंपाकघरात पोचवण्याची जबाबदारी त्या पोराकडे सोपवली, तर आईच्या खोलीत जाण्यास त्याला एक अधिकृत निमित्त मिळते. मात्र याच वयाच्या मुलाच्या हाती फुलबाजी देऊन छायाचित्र काढण्याचा मोह टाळावा. जळत्या फुलबाजीचे टोक सुमारे हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते, आणि अडीच वर्षांच्या मुठीला ती सोडून देण्याची बुद्धी वेळेवर होईलच असा भरवसा नाही. चकल्यांच्या कढईचेही तसेच: लक्ष द्यावयास मोकळा माणूस घरात नसेल, तर त्या वर्षी चकल्या दुकानातून आणाव्यात. त्या थोड्या मऊ निघाल्या तर कुळाला बट्टा लागत नाही.

बापाचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा काढला आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी आईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, ही मोठीच गोष्ट झाली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यास १५ दिवसांची पितृत्व रजा असते. खाजगी नोकरीतील बापाचे नशीब मालकाच्या मर्जीवर. दोन मुलांच्या घरात, जिथे आईचे दोन्ही हात एकाने अडवलेले आहेत, तिथे दुसऱ्याच्या वाट्याला बापच येतो, आणि तो दिवाळीच्या चार सुट्या मित्रांच्या फराळांत नि दिवाळी पहाटेच्या मैफलींत घालवणार असेल, तर त्या सुट्यांचा हिशेब घरच्यांनी त्याच्याकडे जरूर मागावा. बापाने मोठ्या मुलाला न्हाऊ-माखू घालणे, भरवणे, निजवणे ही मदत नव्हे. ती त्याची नेमणूक आहे.

हे सारे ज्यांना घर आहे त्यांच्यासंबंधी झाले, याची मला जाणीव आहे. याच दिवसांत बीडकडील हजारो ऊसतोड कुटुंबे मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, अंगावर घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागलेली असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. बाई बाळंतीण असली तर कोयता अर्धा भरत नाही, तो मोडतो, आणि उचल फिटत नाही. म्हणून तान्हे मूल उसाच्या फडाच्या कडेला झोळीत, आणि त्याच्यावर लक्ष ठेवावयास त्याचेच तीन-चार वर्षांचे भावंड, अशी दिवाळी तिथे होते. त्या घरांना सणाची तहकुबी नको आहे, उचलीची तहकुबी हवी आहे. ती देण्याचा अधिकार तुमच्या-माझ्या हाती नाही, पण आपण ज्यांना निवडून देतो त्यांच्या हाती आहे, आणि गाळपाचा हंगाम सुरू होण्याआधी त्यांना तसे विचारता येते.

आपल्या हाती जे आहे ते साधे आहे. यंदा भाऊबीजेला ज्या बहिणीकडे असे दोन जीव असतील, तिच्याकडे जाण्यापूर्वी तिला सोयीची वेळ विचारा. खोकला असेल तर जाऊ नका. ओवाळणी पुढच्या महिन्यातही देता येते. जेवणाचा डबा आपल्या घरून न्या, हात धुवा, बाळ पाहा, ते मागू नका. मग मोठ्याच्या पायांत चपला घाला आणि त्याला आळीतले किल्ले दाखवावयास दोन तास बाहेर घेऊन जा.