हार्मोनची गोळी आणि दुखण्याची गोळी



लावणीच्या दिवसांत शहापूर-मुरबाडकडच्या कोणत्याही मेडिकलसमोर पाच मिनिटे उभे राहिलात, तर “कंबर भरलीय, एक गोळी द्या” हे वाक्य चार वेळा ऐकायला मिळेल. दिवसभर चिखलात वाकून भात लावल्यावर कंबर दुखणारच, आणि गोळीने आराम पडतो हेही खरे. पण ती गोळी देताना दुकानदार क्वचितच विचारतो, आणि आपण तर सांगतच नाही, की घरी आणखी एक गोळी चालू आहे. ती दुसरी गोळी हार्मोनची असेल, तर दोघींचा एकमेकींशी संबंध येतो. या महिन्यात त्याविषयी बोलू.

हार्मोन कोण घेते?

आपल्या देशात पाळी बंद होण्याचे वय साधारण 46-47 आहे. त्या सुमारास अंगातून गरम वाफा निघणे, रात्री घामाने कपडे भिजणे, झोप उडणे, सांधे आखडणे सुरू होते. त्रास फार असेल तर डॉक्टर इस्ट्रोजेन हे हार्मोन देतात. गर्भपिशवी असेल तर त्यासोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे दुसरे हार्मोनही देतात. ज्यांची गर्भपिशवी अंडाशयांसकट काढली जाते, त्यांच्यावर ही वेळ पस्तिशी-चाळिशीतही येते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या शस्त्रक्रियांची चौकशी 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. 82 हजारांवर महिलांच्या पाहणीत 13 हजारांवर महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली. कष्टकरी घरांत हा प्रश्न किती मोठा आहे, हे त्यावरून कळावे.

कुटुंबनियोजनाच्या, पीसीओडीच्या आणि उमरा-रमजानसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या, याही हार्मोनच्याच.

दोन चिठ्ठ्यांची भेट होत नाही

स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायला आपण बहुधा कल्याणला जातो. शहापूरकर आसनगावहून लोकलने, मुरबाडकर एस.टी.ने. हार्मोनची चिठ्ठी तिथली. कंबर-गुडघ्याची गोळी मात्र गावातल्या दुकानातली, कधी जावेने दिलेली, कधी कमरेत मारून घेतलेली सुई. पहिल्या डॉक्टरला दुसऱ्या गोळीचा पत्ता नाही, दुसऱ्याला पहिलीचा नाही.

त्यात शरमेची भर. हार्मोनची स्ट्रिप कपाटात दुपट्ट्यांच्या घडीखाली असते. मेडिकलवाला मोहल्ल्यातलाच, त्याच्यासमोर पाळीचा विषय कसा काढायचा? ही शरम समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत आपले शरीर मोजते.

दोन्ही मिळून काय करतात?

दुखण्याच्या गोळ्या सगळ्या सारख्या नसतात. एकीकडे साधी पॅरासिटामॉल. दुसरीकडे सूज उतरवणाऱ्या गोळ्या: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, एटोरिकॉक्सिब. काळजी आहे ती या दुसऱ्या गटाची.

पहिली गोष्ट रक्ताच्या गुठळीची. तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन आधी यकृतात जाते आणि रक्त गोठवणारे घटक वाढवते. सूज उतरवणाऱ्या गोळ्याही गुठळीचा धोका थोडा वाढवतात. डेन्मार्कमध्ये 15 ते 49 वयाच्या सुमारे 20 लाख महिलांच्या नोंदी तपासून 2023 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात हार्मोन न घेणाऱ्या एक लाख महिलांमागे गुठळीचे 4 जादा रुग्ण दिसले. जास्त धोक्याच्या गर्भनिरोधक हार्मोनसोबत तोच आकडा 23 झाला. डायक्लोफेनॅकबरोबर धोका आयब्युप्रोफेनपेक्षा अधिक दिसला. पाळी गेलेल्या महिला या अभ्यासात नव्हत्या, आणि 23 हा आकडाही लाखातला आहे. म्हणून घाबरायचे नाही. पण जिचे वजन जास्त, वय जास्त, जिला किंवा जिच्या घरात कोणाला पूर्वी गुठळी झालेली, तिने हे हलक्यात घेऊ नये.

दुसरी गोष्ट एटोरिकॉक्सिबची. गुडघेदुखीला ती आपल्याकडे सर्रास दिली जाते. ती इस्ट्रोजेनसोबत घेतली की रक्तातली इस्ट्रोजेनची पातळी वाढते. म्हणजे डॉक्टरांनी मोजून दिलेला डोस आपल्या नकळत मोठा होतो.

तिसरी गोष्ट रक्तदाब आणि मूत्रपिंडाची. सूज उतरवणाऱ्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात. काहींना इस्ट्रोजेननेही अंग सुजते. पाय सुजतात, बी.पी. वाढते. काही हार्मोनच्या गोळ्यांत ड्रॉस्पिरेनोन असते. ते पोटॅशियम वाढवते. त्याला सूज उतरवणाऱ्या गोळीची आणि टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारख्या बी.पी.च्या गोळीची जोड मिळाली, तर पोटॅशियम इतके चढू शकते की हृदयाचे ठोके बिघडतात.

मग दुखले तर काय घ्यावे?

हार्मोन चालू असताना साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल बहुतेकींना चालते. धडधाकट प्रौढाने चोवीस तासांत 4 ग्रॅमच्या, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांच्या वर जाऊ नये. वयस्कर, अशक्त किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून त्याहून कमी. आणि एक लक्षात ठेवा: कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेनसोबत पॅरासिटामॉल असते, सर्दीच्या अनेक गोळ्यांतही असते. नाव वेगळे म्हणून औषध वेगळे असे नाही.

गुडघ्याला चोळायचे डायक्लोफेनॅकचे जेल गोळीपेक्षा खूप कमी प्रमाणात रक्तात जाते. तसेच इस्ट्रोजेनचा पॅच किंवा त्वचेवर लावायचे जेल यांत गुठळीची भीती गोळीपेक्षा कमी असते. तुम्हाला रोजच दुखण्याची गोळी लागत असेल, तर या पर्यायांबद्दल डॉक्टरांना विचारा. घाबरून हार्मोन मनाने बंद करू नका.

उमरा आणि रमजान

पाळी पुढे ढकलायला नॉरएथिस्टेरॉनची गोळी दिवसातून तीनदा दिली जाते. त्या प्रमाणात तिचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनच्या जातीच्या हार्मोनमध्ये बदलतो. मग जिद्दापर्यंतचे विमान, पुढे मक्का-मदिनेचा बसप्रवास, तासन्‌तास बसून राहणे, आणि तवाफ-सईनंतर पाय दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक. गुठळीला पोषक गोष्टी अशा एकामागून एक जमतात. गोळी घ्यायचीच असेल तर मैत्रिणीची उरलेली स्ट्रिप नको, तपासणी करून घ्या; प्रवासात पाणी प्या, पाय हलवत राहा.

हेही आठवा की हैजच्या दिवसांत तवाफ सोडून हजचे बाकीचे अरकान करता येतात, आणि रमजानच्या सुटलेल्या रोजांची कजा आहे. अल्लाहने दिलेली सवलत घेण्यात ईमान कमी होत नाही. रोजात सूज उतरवणारी गोळी सेहरीला उपाशीपोटी घेऊ नका. दिवसभर पाणी नाही, त्यात ही गोळी, म्हणजे मूत्रपिंडावर ताण. आजारी व्यक्तीला रोजाची सूट आहेच.

घरात करायचे काम

वहीचे एक पान घ्या. घरातल्या प्रत्येक बाईच्या चालू गोळ्यांची नावे त्यावर लिहा: हार्मोन, बी.पी., शुगर, थायरॉइड, दुखण्याची, सगळी. स्ट्रिपवरचे बारीक इंग्रजी नाव वाचायला अम्मीला, नानीला जमत नसेल तर आठवीतल्या मुलीला बसवा. ती मराठीत किंवा उर्दूत लिहून देईल आणि तिलाही चार गोष्टी कळतील. पान डॉक्टरांच्या फाइलमध्ये ठेवा, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मेडिकलमध्ये तोंडाने सांगायची शरम वाटते ना? मग फोटो पुढे करा आणि एवढेच विचारा: “यांच्याबरोबर ही चालेल का?”

एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली, छातीत दुखले, एका अंगाची शक्ती गेली, काळी शौच झाली, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा, शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठा. आणि तिथे पहिले वाक्य हे असू द्या की हार्मोनची गोळी चालू आहे.

इलाज करून घेण्याची शिकवण आपल्याला रसूलुल्लाह (स.) यांनी दिली आहे. डॉक्टरपासून अर्धी गोष्ट लपवली, तर तो इलाजही अर्धाच होतो. या जुम्म्याला नमाजनंतर तासभर काढा आणि ते पान लिहून टाका. अल्लाह तुम्हा सर्वांना सेहत देवो. आमीन.