मात्रा विचारायला लाज कसली?

गेल्या महिन्यात रात्री उशिरा अमेरिकेहून माझ्या खालाच्या मुलीचा फोन आला. आपा एक्कावन्न वर्षांच्या आहेत, पाळी थांबून दीड वर्ष झालं. रात्री घामाने जाग येते, झोप नाही, चिडचिड होते. म्हणाल्या, "इथल्या एका क्लिनिकमध्ये कमरेखाली तांदळाच्या दाण्याएवढ्या गोळ्या बसवतात. मग चार महिने बघायला नको. घेऊ का?"

मी विचारलं, "आपा, त्यात कोणतं हार्मोन आहे? किती मिलिग्रॅम?"

पलीकडे शांतता. "ते नाही विचारलं गं."

याच आपा कॅप्सूलमध्ये जिलेटिन कशाचं आहे, हे दुकानदाराला तीनदा विचारतात. हलाल-हरामबद्दल आपण जागरूक आहोत, ते चांगलंच. पण औषधाची मात्रा विचारायची वेळ आली की आपण गप्प का होतो?

या गोळ्यांना पेलेट म्हणतात. त्यात इस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉन दाबून भरलेलं असतं. जागा बधिर करून छोटा छेद घेतात आणि पेलेट कातडीखाली सरकवतात. तिथे ते हळूहळू विरघळतं. सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातलं प्रमाण चढतं, मग उतरत जातं. तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा नवीन बसवतात.

अडचण इथेच आहे. गोळी उद्या बंद करता येते. पट्टी काढून टाकता येते, जेल कमी लावता येतं. पेलेटचा डोस मात्र एकदाच, काही महिन्यांसाठी ठरतो. जास्त झाला तर तो सहज काढता येत नाही, विरघळेपर्यंत वाट पाहावी लागते. आधीचं पुरतं संपण्याआधी दुसरं बसवलं तर प्रमाण आणखी चढतं.

अमेरिकेत पुरुषांसाठी टेस्टोस्टेरॉनचं मंजूर पेलेट आहे. एका दाण्यात ७५ मिलिग्रॅम, एका वेळी १५० ते ४५० मिलिग्रॅम, असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. महिलांसाठी तिथे एकाही पेलेटला एफडीएची मंजुरी नाही. त्यांना मिळतात ती औषधं मिसळून देणाऱ्या फार्मसीत बनवलेली. बाईच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या मानाने फारच थोडं असतं. ते वाढलं तर मुरुमं येतात, हनुवटीवर केस येतात, आवाज जाड होतो, आणि आवाज कधी कधी परत येतच नाही. गर्भाशय असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन दिलं, सोबत प्रोजेस्टेरॉन दिलं नाही, तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. २०२० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजनी अशी मिसळून बनवलेली हार्मोन्स कमीत कमी वापरावीत, अशी शिफारस केली.

माझा विरोध हार्मोनच्या उपचाराला नाही. २००२ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासानंतर जगभर बायका घाबरल्या आणि गरज असलेल्यांनीही औषध सोडलं. आज साठीच्या आतल्या, किंवा पाळी थांबून दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईला त्रास जास्त असेल तर फायदा बहुधा धोक्यापेक्षा अधिक असतो, असं तज्ज्ञ मानतात. माझा आक्षेप आहे तो न विचारता घेण्याला.

आणि हे न विचारणं आपल्याच घरात शिकवलं जातं. भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी थांबते, म्हणजे माझ्याच वयाला. आमच्या स्टाफरूममध्ये निकाल, लग्नं, बदल्या, सगळं बोललं जातं. या विषयावर मात्र एकच वाक्य ऐकू येतं, "उमर का तकाज़ा है." अम्मीने खालाला सांगितलं नाही, खालाने आपाला सांगितलं नाही. मग जो पहिला माणूस आपुलकीने ऐकून घेतो, त्याचीच गोळी आपण घेतो. तो डॉक्टर असो की विक्रेता.

म्हणून आपाला चार प्रश्न कागदावर लिहून घ्यायला सांगितले. कोणतं हार्मोन? किती मिलिग्रॅम? मंजूर आहे का? त्रास झाला तर थांबवायचं कसं?

त्यांनी विचारले. क्लिनिककडून पॅकेजचे दर आले, पहिल्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. आपा आता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जातात. आठवड्यातून दोनदा पट्टी बदलतात, रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल घेतात. जिलेटिन कशाचं, तेही विचारून झालं आहे.

बहिणींनो, वर्गात मी मुलींना सांगते की प्रश्न विचारणारी मुलगी उद्धट नसते. चाळिशीनंतर हा धडा आपण स्वतःलाही पुन्हा द्यायला हवा.