वडील ट्रक चालवतात, हे सांगून टाका

जाहिरातीत 'सेल्स अकाउंट मॅनेजर' वाचलं आणि मी आठवडाभर टॅलीची उजळणी केली. बीकॉम झालेल्या माणसाला 'अकाउंट' म्हटलं की दुसरं काय सुचणार? चाकणच्या त्या लॉजिस्टिक्स कंपनीत मॅडमनी विचारलं, "अकाउंट म्हणजे काय?" मी डेबिट-क्रेडिटपासून सुरुवात केली. त्या हसल्या नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. या धंद्यात अकाउंट म्हणजे ग्राहक कंपनी. तिचा माल कुठून कुठे जातो, दर काय ठरला, बिलाचे पैसे कधी येतात आणि गाडी लेट झाली तर बोलणी कोणी खायची, हे सगळं ज्याच्या गळ्यात असतं तो अकाउंट मॅनेजर.

दुसरा इंटरव्ह्यू भिवंडीत झाला. तो जास्त लाजिरवाणा गेला, कारण तिथे मी खोटं बोललो. वडील काय करतात? "बिझनेस." कसला? मी गप्प. माझे वडील वीस वर्षं ट्रक चालवतात. घोडेगावचा कांदा, नेवाशाची साखर, सुप्याच्या कंपन्यांचा माल, जे मिळेल ते. ट्रक विकत घेणाऱ्या नाही, पण ट्रकवर पोट असणाऱ्या कंपनीत बसून मी ट्रकच लपवत होतो!

आपल्याकडच्या पोरापोरींचं हे नेहमीचं आहे, असं मला आता वाटतं. कॉलेजात शेकहँड कसा करायचा, 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'ला इंग्रजीत काय म्हणायचं, हे घोकून घेतात. बिल्टी कशी असते, ई-वे बिल कधी लागतं, माल उतरवल्यावर पोचपावती आली नाही तर बिल का अडकतं, हे कोणी सांगत नाही. आणि ज्यांच्या घरी हे रोज ऐकू येतं, ते त्यालाच 'गावठी' समजून गेटबाहेर ठेवतात.

खरं तर ही नोकरी आपल्या दारात आलीय. २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी परराज्यातल्या विक्रीवरचा कर वाचवायला कंपन्या राज्याराज्यात गोदामं ठेवायच्या. ती गरज संपली, मोठी गोदामं मोक्याच्या जागी आली आणि माल लांबून नेणं-आणणं हाच मोठा धंदा झाला. इकडे सुप्याची एमआयडीसी वाढली, डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी समृद्धी सुरू झाली, जून २०२५ मध्ये ती मुंबईच्या वेशीपर्यंत गेली. अर्थात नगरहून समृद्धीला लागायचं तर आधी नगर-मनमाड रस्ता. त्या रस्त्यावरून गाडी वेळेत पोचेल, असं ग्राहकाच्या तोंडावर सांगू शकणाऱ्याने सेल्समध्ये जरूर जावं.

तिसरा इंटरव्ह्यू सुप्यात होता. साहेबांनी पेन विकायला वगैरे सांगितलं नाही. म्हणाले, "ग्राहक म्हणतो, दुसरा ट्रान्सपोर्टर गाडीमागे हजार रुपये कमी घेतो. काय करशील?" पाठ केलेलं उत्तर होतं: क्वालिटी सर्व्हिस, कस्टमर सॅटिस्फॅक्शन. पण तोंडातून निघालं, "आधी विचारीन, तुमच्या गेटवर गाडी खाली व्हायला किती तास लागतात?" साहेब पुढे सरकले. मी सांगितलं, की वडील एकदा एका कंपनीच्या गेटवर दोन दिवस उभे होते. हॉल्टिंग कोणी द्यायचं हे ठरलेलंच नव्हतं. हमाली, वाराई, परतीचं भाडं मिळणार की गाडी रिकामी येणार, हे सगळं धरल्याशिवाय दर स्वस्त की महाग हे कळत नाही. पुढची वीस मिनिटं आम्ही न्हावा शेवाहून रिकाम्या येणाऱ्या गाड्यांवर बोललो. अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत.

माझ्या मैत्रिणीला मात्र अशाच एका पोस्टसाठी विचारलं, "रात्री दोनला गाडी बंद पडली तर फोन घेशील का?" ती राहुरीकडची. म्हणाली, "सर, आमच्याकडे शेतीची लाइट रात्री येते. उसात बिबट्या असतो, तरी मी वडिलांबरोबर मोटार चालू करायला जाते. फोन तर उशाशीच असतो." लगेच पुढचा प्रश्न आला, लग्न झाल्यावर काय? तिच्याबरोबर बसलेल्या मुलाला यातलं काहीच विचारलं नव्हतं. हे चूक आहे, आणि 'इंडस्ट्रीच तशी आहे' म्हणून ते बरोबर होत नाही.

एक गोष्ट आपणही चुकतो. विचारत नाही. भिवंडीत मला वर्षाचा मोठा आकडा सांगितला होता, मी हरखून मान डोलावली. बाहेर आल्यावर एकाने समजावलं, की त्यातला बराच भाग टार्गेट पूर्ण झालं तरच मिळतो. म्हणून सुप्यात मी विचारलं: हातात किती? पेट्रोल कोणाचं? ग्राहकाने उधारी थकवली तर ती माझ्या इन्सेंटिव्हमधून कापणार का? शेवटच्या प्रश्नावर साहेब थोडे थांबले. उत्तर नीट मिळालं नाही. पुन्हा विचारणार आहे.

दुसरा राउंड मंगळवारी पुण्यात आहे. वडिलांनी काल एका जुन्या बिल्टीच्या पाठीमागे सुपे ते न्हावा शेवा एका खेपेचा खर्च लिहून दिलाय: डिझेल, टोल, जेवण, टायरची झीज. खाली 'इतर' म्हणून एक रक्कम आहे. ती कशाची, हे मी विचारलं नाही.