सायकलचा ब्रेक घेताना मुलाचा हात पाहा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बारा वर्षांचा एक मुलगा उजव्या हाताने डावा हात सावरत दवाखान्यात आला. मागे त्याचे वडील. डावा खांदा झुकलेला, गळ्याजवळच्या हाडावर टेंगूळ. कॉलरबोन मोडले होते, हे एक्स-रेच्या आधीच दिसत होते. सायकल नवी कोरी, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. गल्लीत हातगाडी आडवी आली, पोराने ब्रेक दाबला आणि सायकल थांबलीच नाही.

“ब्रेक लय किरकिर करत होता जी डॉक्टरसाहेब,” वडील ओशाळून म्हणाले, “म्हणून मी शिलाई मशीनचं तेल सोडलं.”

मी त्यांना रागावलो नाही. किरकिरणाऱ्या दाराला, पंख्याला, चेनला तेल घालायचे, हेच आपण लहानपणापासून पाहिले. डिस्क ब्रेकला तेलाचा थेंबही चालत नाही, हे त्यांना सायकल विकताना कोणी सांगितले नव्हते. हाड पुढे सहा आठवड्यांत जुळले. पण तेव्हापासून शाळा उघडायच्या सुमारास हमखास एक प्रश्न येतो, “डॉक्टर, सायकल कोणती घ्यावी? डिस्कवाली की साधी?” त्याचे उत्तर आज एकदाच लिहून टाकतो.

आधी दोहोंतला फरक. साध्या म्हणजे रिम ब्रेकमध्ये रबराचे दोन तुकडे चाकाच्या कडेला, रिमला, दोन्ही बाजूंनी आवळतात. डिस्क ब्रेकमध्ये चाकाच्या मध्यभागी पोलादी चकती असते आणि दोन लहान पॅड तिला चिमटीत धरतात. रिम रस्त्याजवळ असते, तिला पाणी व चिखल लगेच लागतो. चकती वर असते, म्हणून पावसात तिची पकड अधिक भरवशाची. चाक थोडे वाकडे झाले तरी तिचे अडत नाही. हे डिस्कचे खरे गुण आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र डिस्कमध्येही दोन जाती आहेत. एक तारेवर चालणारी, दुसरी नळीतल्या द्रवाच्या दाबावर चालणारी, म्हणजे हायड्रॉलिक. उत्तम पकड आणि हलकी मूठ ही कीर्ती मुख्यतः दुसरीची. मुलांच्या स्वस्त सायकलींना बहुधा पहिली असते. तिची तार सैल पडते, पॅड एका बाजूला घासतात, आणि चौकातल्या पंक्चरवाल्याला ती नीट लावता येईलच असे नाही. आपण नाव डिस्कचे विकत घेतो, गुण मिळतातच असे नाही.

रिम ब्रेक म्हणजे मागासलेला, हाही गैरसमज. शर्यतीच्या रस्त्यावरील सायकलींना डिस्कची पूर्ण मोकळीक आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ साली दिली. त्यानंतरही, २०१९ ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या एगान बर्नालच्या सायकलीला रिम ब्रेकच होते. जो आल्प्सच्या घाटात पुरला, तो गांधीबाग ते महाल या सपाट रस्त्याला का पुरू नये?

अट एकच, रिम अॅल्युमिनियमची हवी. जुन्या काळ्या सायकलींची चकचकीत पोलादी रिम ओली झाली की रबर तिच्यावरून नुसते घसरते. कापड बाजारात अशा सायकलीवर गठ्ठे नेणारी माणसे आजही दिसतात. त्यांना माझे सांगणे, पावसात वेग निम्मा ठेवा आणि पुढच्या माणसापासून दुप्पट अंतर राखा. शिवाय आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात उभ्या सायकलीचे रबर कडक होते. ते दरवर्षी मृगाच्या आधी बदलावे. घरच्या एका रविवारच्या तर्री-पोह्यांपेक्षा फार खर्च येत नाही.

आता डॉक्टर म्हणून माझा खरा मुद्दा. ब्रेक चाकाला असला तरी तो लावतो हात. “पुढे दोन वर्षे चालेल” म्हणून आपण मुलांना मोठी सायकल घेतो. मग मुलाची बोटे ब्रेकच्या दांडीपर्यंत जेमतेम पोचतात आणि नखांच्या टोकांनी तो काय दाबणार? दुकानातच मुलाला सीटवर बसवा. मूठ न सोडता दोन बोटांची मधली पेरे दांडीवर आली पाहिजेत. बऱ्याच दांड्यांना ती जवळ आणण्याचा छोटा स्क्रू असतो, तो फिरवून मागा. संधिवाताचे रुग्ण, मधुमेहामुळे बोटे आखडलेली मंडळी आणि पकड कमी झालेले ज्येष्ठ यांनी मात्र ऐपत असल्यास हायड्रॉलिक डिस्क जरूर घ्यावी. तिला जोर कमी लागतो.

आणखी एक हिशेब. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात ४ मीटर पुढे जाते. धोका दिसून बोटे दाबेपर्यंत साधारण तेवढा वेळ जातोच. ते ४ मीटर कोणताही ब्रेक परत देत नाही. म्हणून बाजाराच्या गल्लीत हात सतत ब्रेकवर असावा आणि दोन्ही ब्रेक एकत्र लावावेत. नुसता पुढचा करकचून दाबला तर माणूस हँडलवरून जातो.

पडल्यावरचेही सांगतो. हँडलचे टोक पोटात लागले तर वरून फक्त गोल वळ दिसतो, पण आत यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंडाला इजा झालेली असू शकते आणि दुखणे काही तासांनी वाढते. पोट दुखणे, उलटी, चेहरा पांढरा पडणे यांपैकी काहीही दिसल्यास रात्र काढू नका, थेट रुग्णालय गाठा. डोक्याला मार लागून मूल पेंगत असेल किंवा वारंवार ओकत असेल तरी तेच. हँडलच्या फाटक्या मुठी म्हणूनच आजच बदला.

तेव्हा माझे मत असे. शाळा-शिकवणीला जाणाऱ्या मुलासाठी अॅल्युमिनियमच्या रिमची, साध्या ब्रेकची, त्याच्या मापाची सायकल घ्या आणि वाचलेल्या पैशांत हेल्मेट घ्या. घाटात किंवा चिखलात चालवणाऱ्याने चांगली डिस्क घ्यावी. घरात डिस्क आलीच असेल तर तिला तेल लावू नका, चकती स्पिरिटने पुसा आणि फिरत्या चकतीजवळ लहान मुलांची बोटे जाऊ देऊ नका. तेल लागलेच तर पॅड बदलून घ्या.

तो मुलगा आता पुन्हा सायकल चालवतो. वडील दर रविवारी ब्रेक तपासतात आणि तेलाची बाटली शिलाई मशीनजवळच ठेवतात.